दिवाळीला गावी जाण्यापूर्वी: बंद घर घरफोडीपासून कसे राखावे

२०२४ सालच्या दिवाळीत आम्ही पाच दिवसांसाठी पुण्याहून साताऱ्याजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. त्यांच्या दाराला कोणीतरी बाहेरून कडी घातली होती, वॉचमनने वर येऊन ती काढली आणि तेव्हा आमचे दार उघडे दिसले. आम्ही परत पोहोचलो तेव्हा सात लिव्हरचे कुलूप कोयंड्यात जसेच्या तसे लटकत होते, फक्त तो कोयंडा चारही स्क्रूंसह चौकटीतून उपटून निघाला होता. पंचनामा झाल्यानंतर त्यातला एक स्क्रू मी हातात घेऊन पाहिला. तो जेमतेम पाऊण इंचाचा होता आणि त्याच्या आट्यांत चौकटीच्या लाकडाचा भुसा अडकलेला होता.

त्यानंतरचे कित्येक महिने पोलिस ठाणे, बँक आणि विमा कंपनी यांच्याकडे फेऱ्या मारण्यात गेले. त्यातून जे समजले ते येथे क्रमाने लिहीत आहे. जे नव्याने फ्लॅटमध्ये राहायला आले आहेत किंवा प्रथमच घर बंद करून आठ-दहा दिवसांसाठी बाहेर जाणार आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पहिल्या पाच पायऱ्या घरफोडी होऊ नये म्हणून आहेत आणि उरलेल्या तीन ती झालीच तर काय करावे यासाठी. चौथी पायरी मात्र कोणीही सोडू नये, कारण आमचे सर्वांत जास्त नुकसान तिथेच झाले.

१. दरवाजा: कुलपाआधी चौकट तपासा

नवीन घरात गेल्यावर लोक महागडे कुलूप आणतात आणि ते बिल्डरने बसवलेल्या जुन्याच कडी-कोयंड्याला लावतात. चोराच्या हातात कटावणी असते. त्याला कुलूप उघडायचे नसते, कुलूप ज्याला अडकवले आहे ते उपटायचे असते, आणि लहान स्क्रूंवर बसलेला कोयंडा एका झटक्यात निघतो. म्हणून सुताराला बोलावून पुढील कामे करून घ्या.

कोयंडा आरपार बोल्टने बसवा आणि नट आतल्या बाजूने आवळा. लॅचचा खटका चौकटीतल्या ज्या पट्टीत जाऊन बसतो, ती पट्टी काढून पाहा. तिचे स्क्रू बहुधा आखूड असतात. त्याऐवजी तीन इंची स्क्रू वापरले तर ते चौकट ओलांडून भिंतीत जातात. चौकट आणि भिंत यांच्यामधले प्लास्टर पोकळ वाजत असेल तर ते आधी भरून घ्यावे लागते, अन्यथा लांब स्क्रूही धरत नाहीत. बाहेर उघडणारे सेफ्टी डोअर असेल तर त्याच्या बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला येतात आणि त्यांची खीळ ठोकून वर काढता येते. लोखंडी दरवाजा असेल तर फॅब्रिकेटरकडून खिळीला टोकाशी वेल्डिंगचा एक ठिपका मारून घ्या, म्हणजे ती सरकत नाही.

लॅचबाबत होणारी चूक तर घरोघरी होते. दार नुसते ओढून घेतले की लॅच लागल्याचा आवाज येतो आणि आपण निघतो. परंतु त्या वेळी खटका केवळ स्प्रिंगवर पुढे आलेला असतो, आणि दार व चौकट यांच्यातल्या फटीतून प्लास्टिकचे पातळ कार्ड घालून तो मागे सारता येतो. बाहेरून किल्ली फिरवून डबल लॉक केल्यावरच तो पक्का होतो. दुकानात खाली जातानासुद्धा किल्ली फिरवण्याची सवय घरातल्या सर्वांना, विशेषतः मुलांना, लावली पाहिजे.

शक्य असेल तर बाहेर लटकणारे कुलूप टाळा आणि दाराच्या जाडीत बसणारे मॉर्टिस लॉक लावा. लटकते कुलूप जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला घरात कोणी नसल्याचे सांगते, तर आतल्या कुलपावरून घरात माणसे आहेत की नाहीत हे बाहेरून कळत नाही.

२. खिडक्या, बाल्कनी आणि डक्ट

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना खिडक्यांची फारशी काळजी वाटत नाही. गच्चीवरून सर्वांत वरच्या मजल्याच्या बाल्कनीत उतरणे आणि डक्टमधल्या, म्हणजे इमारतीतल्या पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतल्या, पाइपांवरून चढणे या दोन्ही गोष्टी घडतात. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीचे पान वरच्या रुळात किती ढिले बसले आहे ते हाताने उचलून पाहा; ते बाहेरून उचलून काढता येत असेल तर वरच्या रुळात आडवा स्क्रू बसवून घ्या आणि खालच्या रुळात मापाची लाकडी काठी आडवी ठेवा. हा अगदी स्वस्त उपाय आहे. बाथरूमच्या खिडकीतल्या तिरक्या काचेच्या पट्ट्या एकेक करून सहज सरकवता येतात, तेथे आतून लोखंडी जाळी हवीच.

ग्रिल बसवताना मात्र एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप ठेवा, तिची किल्ली ठरलेल्या जागी ठेवा आणि ती जागा घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही दाखवून ठेवा. आग लागली तर त्याच मार्गाने बाहेर पडायचे असते. किल्ल्यांचा जुडगा खिडकीतून हात घालून किंवा काठीने ओढता येईल अशा खिळ्याला अडकवू नका.

३. शेजार, वॉचमन आणि कॅमेरा

घरफोडीच्या बातम्यांत एक तपशील पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे चोरांनी शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घातल्या. आमच्याकडेही तेच झाले. आवाज ऐकू आला असता तरी काकूंना बाहेर येता आले नसते. म्हणून मजल्यावरच्या प्रत्येक घराच्या दाराबाहेरची कडी गरज नसेल तर काढून टाकावी, आणि मजल्यावरच्या सर्वांचे व वॉचमनचे फोन क्रमांक प्रत्येकाकडे असावेत. रात्री जिन्यात ठोकण्याचा किंवा लाकूड मोडण्याचा आवाज आला तर दार उघडून पाहायला जाऊ नका. आधी ११२ हा क्रमांक लावा आणि मग शेजाऱ्यांना फोन करा.

सोसायटीत कॅमेरे आहेत एवढ्यावर समाधान मानू नका, सभेत पुढील प्रश्न विचारा. रेकॉर्डिंग किती दिवस राहते? रेकॉर्डरवरची तारीख आणि वेळ बरोबर आहे का? वीज गेल्यावर कॅमेरे चालतात का? रेकॉर्डर कुलूपबंद आहे की वॉचमनच्या टेबलाखाली उघडा पडला आहे? चोर जाताना रेकॉर्डरच उचलून नेतात, असे अनेक ठिकाणी झाले आहे. आमच्या प्रवेशद्वारावरचा कॅमेरा इतका उंच होता, की दोघा चोरांच्या टोप्या तेवढ्या दिसल्या. किमान एक कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीच्या जवळपास असावा.

घरकामाला येणाऱ्या व्यक्तीची किंवा भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवणे हेही याच पायरीत येते. भाडेकरूची माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून भरता येते. ही नोंद संशयापोटी करायची नसते. आमच्याकडे बारा वर्षे काम करणाऱ्या मावशींची चौकशी सर्वांत आधी झाली, आणि त्यांचा पत्ता व ओळखपत्र आमच्याकडे नीट नसल्यामुळे त्यांना नाहक दोन दिवस ठाण्यात बसावे लागले. त्यांच्यासाठी तरी ही नोंद असायला हवी होती, असे मला आजही वाटते.

४. वस्तूंची यादी: एक रविवार यासाठी ठेवा

फिर्याद लिहून घेताना हवालदारांनी मला सासूबाईंच्या ठुशीचे वजन विचारले. ती ठुशी मी पंधरा वर्षे सणावाराला घातली होती, तिच्या मागच्या गोंड्याचा रंग मी सांगू शकत होते, पण वजन सांगू शकले नाही. पावती नव्हती, कारण ती सासूबाईंच्या लग्नातली होती. शेवटी चुलत नणंदेच्या लग्नातला एक फोटो सापडला, त्यात ती गळ्यात दिसत होती, आणि तोच एकमेव पुरावा म्हणून जोडला गेला. वजनाच्या जागी ‘अंदाजे’ असे लिहावे लागले.

आपल्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे करा. प्रत्येक दागिना पांढऱ्या कापडावर ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि ओळखीच्या सराफाकडे वजन करून ते फोटोखाली लिहा. हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, कोरलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यांवर तो असतोच, आणि तो प्रत्येक दागिन्याचा वेगळा असतो. भिंगातून पाहून तो उतरवून घ्या. जुन्या, वडिलोपार्जित दागिन्यांसाठी सराफाकडून वजन आणि शुद्धतेचे मूल्यांकन प्रमाणपत्र करून घेता येते.

दागिन्यांशिवाय पुढील नोंदी हव्यात:

• मोबाइलचा आयएमईआय क्रमांक (फोनवर *#०६# दाबल्यास दिसतो) आणि खरेदीचे बिल
• लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरा यांचे अनुक्रमांक
• पासपोर्ट, वाहन परवाना, घराचा करारनामा, वाहनांची कागदपत्रे यांच्या स्कॅन प्रती
• बँक खाती, धनादेश पुस्तके आणि कार्डे यांची यादी, तसेच ती बंद करण्याचे फोन क्रमांक
• भांडी व चांदीच्या वस्तूंचे फोटो, त्यांवर नावे कोरलेली असल्यास ती दिसतील असे

ही यादी घरातल्या कपाटात ठेवू नका. एक प्रत ईमेलवर आणि एक प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या विश्वासू नातेवाइकाकडे असावी. आमच्या बिलांची फाइल दागिन्यांच्याच खणात होती आणि चोरांनी पूर्ण खण उचलून नेला.

५. लॉकर, विमा आणि निघतानाची तयारी

घरातले सोने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे योग्यच, परंतु दोन गोष्टी समजून घ्या. रिझर्व्ह बँकेचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यांनुसार आग, चोरी, घरफोडी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँक कर्मचाऱ्याची फसवणूक यांमुळे लॉकरमधील ऐवज गेल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत मर्यादित असते. वार्षिक भाडे ३,००० रुपये असेल तर ही मर्यादा ३ लाख रुपये होते. दुसरी गोष्ट लग्नसराईची. लग्नासाठी काढलेले दागिने पूजा, गोंधळ, मांडवपरतणी होईपर्यंत पंधरा-पंधरा दिवस घरी राहतात, आणि त्या दिवसांत घरात पाहुण्यांची सतत ये-जा असते. लग्नाच्या तारखेसोबतच लॉकरमध्ये परत जाण्याची तारीखही ठरवून टाका.

विम्यात मोठा सापळा आहे. गृहकर्ज घेताना बँकेने काढून दिलेली पॉलिसी आमच्याकडे होती आणि आपल्या घराचा विमा आहे असे आम्ही समजत होतो. ती आगीची आणि नैसर्गिक आपत्तीची पॉलिसी निघाली. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसीसुद्धा मुळात त्याच प्रकारची आहे; तिच्यात चोरीचे संरक्षण आग किंवा पूर यांसारख्या घटनेमुळे आणि त्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरते आहे. घरफोडीचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते. ते घेताना पुढील कलमे वाचा: जबरदस्तीने घुसल्याच्या खुणा असणे आवश्यक आहे का (बहुतेक पॉलिसींत असते, म्हणून पहाटे उघड्या दारातून गेलेल्या मोबाइलचे पैसे मिळत नाहीत), घर सलग किती दिवस बंद असल्यास संरक्षण थांबते, दागिन्यांसाठी वेगळी मर्यादा आहे का, आणि ऐवजाची किंमत कमी दाखवली तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते का. हप्ता वाचवण्यासाठी निम्मीच किंमत सांगणाऱ्याला दाव्याच्या वेळी याचा फटका बसतो.

निघण्याच्या दिवशीची कामे थोडकी आहेत. दूध आणि वर्तमानपत्र बंद करा. शेजाऱ्यांना दारातली पत्रके व पार्सले उचलायला सांगा. दिवे सतत चालू ठेवू नका, कारण दिवसा जळणारा दिवा बंद घराचीच खूण ठरतो. त्याऐवजी संध्याकाळी लागून रात्री बंद होणारा टायमर लावा. किल्ली पायपुसणीखाली, चपलांच्या कपाटात, मीटरच्या पेटीत किंवा तुळशीच्या कुंडीत ठेवू नका. प्रवासाचे फोटो परत आल्यावरच टाका. सणासुदीच्या काळात बाहेरगावी जाताना पोलिस ठाण्याला कळवावे असे आवाहन पोलिस करतात. ते मनावर घ्या आणि घर कोणत्या तारखांना बंद आहे ते लेखी देऊन त्याची पोच घ्या, म्हणजे गस्तीवरच्या बीट मार्शलना तिकडे फेरी मारता येते.

६. घरफोडी झाली आहे असे दिसल्यावर पहिला तास

दार उघडे दिसले तर आत जाऊ नका, चोर अजूनही आत असू शकतो. खाली या आणि ११२ ला फोन करा. पोलिस आल्यावरही पंचनामा पूर्ण होईपर्यंत काहीही आवरू नका. विस्कटलेल्या साड्या घडी करून ठेवाव्यात असे मनापासून वाटते, मलाही वाटले होते, परंतु कपाटाच्या दाराला, खणाला आणि विजेच्या बटणांना हात लावल्याने ठसे पुसले जातात. ठसेतज्ज्ञ आले की घरातल्या माणसांचेही ठसे वेगळे ओळखता यावेत म्हणून घेतात. त्याने घाबरू नये.

त्याच तासात सिम कार्ड आणि बँक कार्डे बंद करा, धनादेश पुस्तक गेले असेल तर बँकेला कळवा, आणि सोसायटीच्या रेकॉर्डरमधील त्या काळाचे चित्रण पुसले जाण्याआधी त्याची प्रत काढून ठेवायला सांगा. ते न्यायालयात चालण्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते, त्याबाबत तपास अधिकाऱ्यांना विचारा. घराची जादा किल्ली गेली असेल तर त्याच दिवशी कुलूप बदला.

७. फिर्याद लिहिताना

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. राहत्या घरातील चोरी कलम ३०५ मध्ये येते आणि घरफोडी कलम ३३१ मध्ये. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी चोरीसाठी केलेल्या घरफोडीला ३३१ च्या पोटकलम ४ नुसार १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपली फिर्याद केवळ ‘चोरी’ म्हणून नोंदली जात नाही ना, हे सही करण्यापूर्वी पाहा. कोयंडा उचकटला, ग्रिल कापले, काच फोडली, जे झाले असेल ते फिर्यादीत आणि पंचनाम्यात स्पष्ट शब्दांत यायला हवे. विमा कंपनी पुढे हेच शब्द शोधते.

गेलेल्या वस्तूंची यादी घाईत देऊ नका, पण फिर्यादही अडवून ठेवू नका. ‘उर्वरित ऐवज तपासून पुरवणी जबाब देईन’ असे लिहून घेता येते. आम्हाला चांदीचे निरांजन आणि अत्तरदाणी गेल्याचे आठ दिवसांनी, देवघर पुसताना लक्षात आले. किंमत फुगवून लिहू नका आणि कमीही लिहू नका.

प्रथम खबरी अहवालाची (एफआयआरची) प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यावी लागते, ती मागून घ्या. हद्दीचा प्रश्न काढून कोणी परत पाठवत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे शांतपणे सांगा. इलेक्ट्रॉनिक मार्गाने खबर दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंद घ्यायलाच नकार मिळाला तर पोलिस अधीक्षकांकडे, आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलिस उपायुक्तांकडे, लेखी अर्ज पाठवा. त्यानेही काम झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे.

चोरीला गेलेला मोबाइल अहवालाची प्रत, बिल आणि ओळखपत्र घेऊन दूरसंचार विभागाच्या सीईआयआर या संकेतस्थळावरून बंद करता येतो.

८. विम्याचा दावा आणि मुद्देमाल

दाव्यासाठी लागणारी कागदपत्रे: पॉलिसीची प्रत, प्रथम खबरी अहवाल, पंचनाम्याची प्रत, ऐवजाची यादी व बिले, फोटो, मोडलेल्या दाराच्या दुरुस्तीचे बिल आणि तपासाचा अंतिम अहवाल. कंपनीला घटना त्याच दिवशी ईमेलने कळवा आणि नुकसानीची पाहणी करणारा सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत मोडलेला कोयंडा फेकू नका. पोलिसांनी तो जप्त केला असेल तर तसे कळवा.

अंतिम अहवाल हा शब्द प्रथमच ऐकणाऱ्यांसाठी सांगते. आरोपी सापडला नाही तर पोलिस न्यायालयाकडे ‘अ समरी’ मागतात, म्हणजे गुन्हा खरा आहे पण आरोपीचा शोध लागला नाही. विमा कंपन्या बहुधा हीच प्रत मागतात आणि ती मिळायला अनेक महिने लागतात. माझ्या भावाच्या दाव्यात केवळ या कागदासाठी वर्ष गेले. मधल्या काळात कंपनीला दर महिन्याला तपासाची स्थिती लेखी कळवत राहा, म्हणजे कागद न दिल्याचे कारण दाखवून प्रकरण बंद होत नाही. दावा अन्यायाने फेटाळला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा, आणि एक महिन्यात समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जा. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

चोर पकडला जाऊन ऐवज मिळाला तर तो ठाण्यातून थेट हातात मिळत नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परत मिळण्यासाठी अर्ज करावा लागतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ४९७ आणि ५०३), आणि तेथे चौथ्या पायरीतले फोटो, वजने व एचयूआयडी पुन्हा कामाला येतात. सोने अनेकदा वितळवलेल्या लगडीच्या रूपात मिळते, आणि त्याच चोराने फोडलेल्या इतर घरांचेही लोक त्यावर दावा सांगत असतात; ज्याच्याकडे वजनाची नोंद असते त्याला आपला हिस्सा दाखवता येतो. आम्हाला सात महिन्यांनी निरांजन आणि अत्तरदाणी परत मिळाली, कारण दोन्हींवर आजेसासऱ्यांचे नाव कोरलेले होते. ठुशी मिळाली नाही. वस्तू देताना न्यायालय सुपुर्दनामा लिहून घेते. खटला संपेपर्यंत ती वस्तू विकायची नाही, मोडायची नाही, तिच्यावर पॉलिशसुद्धा करायचे नाही आणि बोलावतील तेव्हा हजर करायची, असे तो लिहून घेताना आम्हाला सांगण्यात आले. त्या सुपुर्दनाम्याची प्रत वस्तूसोबत न ठेवता वेगळ्या जागी ठेवा.